जुनी माझदा मिआटा घरच्या गॅरेजमध्ये सुधारायची असेल, तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही सॅन होजेला राहता, नुकतीच १९९५ सालची लाल माझदा मिआटा (दोन आसनांची, उघडणाऱ्या छताची छोटी स्पोर्ट्स कार) घेतली आहे, आणि टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवणारे यंत्र), कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांची उंची बदलता येणारी एकत्र जोडणी) व मोठी चाके ही तीन कामे घरीच, स्वतःच्या हातांनी करायची आहेत. ती जमतील का आणि कोणत्या क्रमाने करावीत, असा तुमचा प्रश्न आहे. ती नक्की जमतील. माझ्याकडे १९९२ सालची मिआटा चौदा वर्षांपासून आहे आणि तिचे जवळजवळ सगळे काम मी सॅक्रामेंटोमधल्या माझ्या गॅरेजमध्येच केले आहे. मात्र तुम्ही मांडलेला क्रम पूर्ण उलटा करावा, असे मी आग्रहाने सांगेन. शिवाय तुमच्या यादीत नसलेले एक काम सर्वांत आधी करावे लागेल, ते म्हणजे हिरोशिमाच्या कारखान्यातून ही गाडी ज्या अवस्थेत बाहेर पडली त्या अवस्थेत तिला परत नेणे.

१९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांसमोर आली तेव्हा तिचे इंजिन १.६ लिटरचे आणि जेमतेम ११६ अश्वशक्तीचे होते. तुमच्या गाडीत १.८ लिटरचे, १२८ अश्वशक्तीचे आहे. आजच्या साध्या कौटुंबिक गाड्याही याहून जोरदार असतात. मिआटाचा आनंद कधीच ताकदीत नव्हता. टनभराच्या आतबाहेरचे वजन, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वरखाली दोन आर्मनी धरणारे सस्पेन्शन) आणि हातात लगेच बोलणारे स्टिअरिंग यांत तो होता. तीस वर्षांत गाडीतले सगळे रबर कडक झालेले असते, शॉक ॲब्सॉर्बर नावापुरते उरलेले असतात, आणि नवा मालक त्या ढिलेपणाला मूळ गाडीची उणीव समजून नवे भाग मागवतो. असे झालेले मी अनेक गाड्यांच्या बाबतीत पाहिले आहे आणि दरवेळी मला त्या गाडीचे वाईट वाटले आहे, कारण ती मुळात कशी चालते हे मालकाला कळलेच नाही.

तुम्ही बॉनेट उघडाल तेव्हा आधी रेडिएटरच्या वरच्या प्लास्टिकच्या टाकीचा रंग पाहा. मूळचे प्लास्टिक काळे असते. उष्णतेने ते आधी हिरवट आणि मग तपकिरी होते, आणि तपकिरी झालेली टाकी एखाद्या चढावर, उन्हात, सूचना न देता तडकते. ती तपकिरी असेल तर रेडिएटर, होज आणि थर्मोस्टॅट एकाच वेळी बदला. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात चालवणारा पट्टा) ६०,००० मैलांनी बदलायचा असतो, आणि या इंजिनात वॉटर पंप बदलायलाही तोच बेल्ट काढावा लागत असल्यामुळे दोन्ही कामे एकत्र करणेच शहाणपणाचे. बेल्ट तुटला तरी या इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, हे तुमचे नशीब. पण गाडी भर रस्त्यात बंद पडायची ती पडतेच. सीटच्या मागे, कापडी छताच्या दोन्ही कोपऱ्यांत पावसाचे पाणी खाली जाण्याची भोके असतात. ती पानांनी आणि मातीने बुजली की पाणी दारांखालच्या पोकळीत साचते आणि पत्रा आतून गंजत जातो, म्हणून एक जाडसर नायलॉनची दोरी घालून ती मोकळी करा.

ब्रेक ऑइल बदलणे हे शिकण्यासाठी उत्तम पहिले काम आहे. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा निपल (तेल सोडण्याचा छोटा स्क्रू) अर्धा फेरा सैल करून पारदर्शक नळीतून तेल बाटलीत सोडायचे, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचे. हा क्रम चुकला तर हवा आत शिरते. माझ्या गाडीतून पहिल्यांदा निघालेले तेल उकळून काळ्या झालेल्या चहासारखे होते आणि नळीत स्वच्छ, मधाच्या रंगाचे तेल दिसू लागेपर्यंत जवळजवळ एक लिटर खर्च झाले. हे तेल हवेतला ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तोच ओलावा धरलेल्या तेलाच्या बाबतीत १५५ पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना पेडल मऊ पडते ते यामुळेच. चांगले पॅड आणि ताजे तेल घातल्यावर तुम्हाला मोठ्या ब्रेकची गरज उरणार नाही, कारण १९९४ पासून पुढच्या डिस्क मुळातच २५५ मिलिमीटरच्या आहेत. माझ्या गाडीत त्या २३५ च्या होत्या, म्हणून मी नंतरच्या गाडीचे ब्रेक शोधून बसवले.

गाडी उचलण्याबद्दल मी जरा कडक शब्दांत लिहितो. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. जॅकवर तोललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. पुढे मधल्या क्रॉसमेंबरला (इंजिनाखालच्या आडव्या भक्कम तुळईला) आणि मागे डिफरन्शिअलला (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीला) जॅक लावून गाडी उचलावी आणि कडेच्या ठरावीक जागी जॅक स्टँड द्यावेत. तळाशी लांबीभर गेलेले चौकोनी पत्र्याचे भाग भक्कम दिसतात, पण ते पातळ असतात आणि स्टँडखाली चेपतात. स्टँड दिल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून पाहा. ती हलली तर पुन्हा उतरवा.

सस्पेन्शनचे बुश (आर्मच्या सांध्यांतले रबरी तुकडे) बदलताना मी स्वतः केलेली चूक सांगतो, म्हणजे तुमचे शंभर-दीडशे डॉलर आणि दोन शनिवार वाचतील. गाडी स्टँडवर, चाके अधांतरी लटकलेली, अशा अवस्थेत मी सगळे बोल्ट पूर्ण आवळले. रबरी बुश आतल्या नळीला आणि बाहेरच्या आर्मला घट्ट चिकटलेला असतो. तो सरकत नाही, फक्त पिळला जातो. त्यामुळे गाडी जमिनीवर येताच सगळे बुश कायमचे पिळलेले राहिले आणि वर्षभरात फाटले. बोल्ट हाताने बसवून, गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा असतो. मागच्या खालच्या आर्मचा लांब बोल्ट नळीत गंजून बसलेला असण्याची दाट शक्यता आहे. त्यावर आठवडाभर रोज संध्याकाळी गंज सोडवणारे तेल मारत राहा आणि पान्याला पाइप लावून झटके देण्याचा मोह आवरा, नाहीतर बोल्टचे डोके तुटून हातात येईल.

एवढे झाले की सुधारणेला हात घाला. सर्वांत आधी टायर, कारण रस्त्याला गाडीचा स्पर्श फक्त तिथे होतो. तुमच्या मूळच्या १४ इंची चाकांऐवजी १५ इंची हलकी चाके आणि १९५/५० चे चांगले टायर घेतले तर फरक पहिल्याच वळणावर कळेल. १७ इंची चाके दिसायला छान असली तरी वजन वाढवतात आणि या गाडीचा चटपटीतपणा घालवतात. चाकांचे नट टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळले ते मोजणाऱ्या पान्यानेच), ८९ ते ११७ न्यूटन-मीटरच्या दरम्यान आवळा. त्यानंतर कॉइलओव्हर. गाडी इंचभर खाली आणणे पुरे; त्याहून खाली नेली तर शॉकला हालचालीला जागाच उरत नाही. जुन्या जोडणीतला वरचा भाग काढून वापरणार असाल, तर दाबलेली स्प्रिंग सोडवण्याचे तेवढे एक काम गॅरेजवाल्याकडून करून घ्या. त्या स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद माणसाला जायबंदी करू शकते. शेवटी अलाइनमेंट अशा ठिकाणी करा जिथे कॅम्बरचे, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचे, आकडे तुमच्या सांगण्याप्रमाणे लावून देतात, कारण या गाडीत ते चारही चाकांना बदलता येतात.

आता टर्बो. कॅलिफोर्नियात तुमच्या गाडीला दर दोन वर्षांनी स्मॉग, म्हणजे धुराची, तपासणी द्यावी लागते आणि तपासनीस बॉनेटखाली डोळ्यांनीही पाहतो. हवा आणि धूर यांच्या मार्गातला जो भाग तुम्ही बदलाल त्याला कार्बचा, म्हणजे राज्याच्या हवा मंडळाचा, मंजुरी क्रमांक असावा लागतो. तो नसलेला संच स्वस्त मिळतो, पण गाडीची नोंदणी अडकते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धूर शुद्ध करणाऱ्या भागाच्या) मागचा सायलेन्सर बदलायला असा क्रमांक लागत नाही, फक्त आवाज ९५ डेसिबलच्या आत हवा. ब्रेक आणि सस्पेन्शनला ही अडचण नाही. (पुण्या-मुंबईतून हे वाचणाऱ्यांनी मात्र इथला नियम तिथे लावू नये, नोंदणीत असलेल्या कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केले आहे.)

मंजूर संच मिळाला तरी इंजिनाचे कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) आधी तपासून घ्या. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे नसतील तर त्या इंजिनावर टर्बो लावू नका. टर्बोने उष्णता वाढते, इंधन कमी पडले की पिस्टनवर ठोके बसतात, आणि हे सगळे इंधनाच्या व ठिणगीच्या योग्य ट्यूनिंगवर अवलंबून असते. ते काम मी स्वतः घरी करत नाही, डायनो (गाडीची ताकद मोजणारे यंत्र) असलेल्या जाणकाराकडे देतो. तुमच्या गाडीचा डिफरन्शिअल १९९४ पासूनचा मोठा, सात इंची आहे, त्यामुळे वाढलेली ताकद तो सहन करील. माझा सहा इंची त्या भाराखाली दोनदा गेला. आणि छत उघडे ठेवून वेगाने चालवणार असाल, तर टर्बोच्या आधी रोल बार (सीटच्या मागे बसणारी भक्कम पोलादी कमान) बसवा. उघड्या गाडीत उलटण्यापासून संरक्षण देणारे काहीच नसते, आणि अनेक ट्रॅकवर रोल बार नसलेल्या अशा गाडीला आत सोडतच नाहीत.

गाडी किती मैल चालली आहे आणि रेडिएटरच्या टाकीचा रंग कसा आहे, एवढे कळवलेत तर पहिल्या दोन महिन्यांच्या कामांची आणि भागांची यादी मी करून देईन.