प्लमच्या बुंध्याशी काटे

प्रश्न : काका, मिनिआपोलिसला आमच्या परसात आधीच्या मालकांनी लावलेलं ‘सुपीरियर’ जातीचं प्लमचं झाड आहे. पलीकडच्या घरचा प्लम तोडला तेव्हापासून फुलं भरपूर, फळं मोजकीच. आता बुंध्याभोवती काटेरी फुटवे आलेत. शेजारी म्हणतात, हा इथला जंगली प्लम. आमचं झाड रानटी होतंय का? फुटवे छाटून टाकू?

उत्तर : झाड रानटी होत नाही हो. तुमच्याकडे पहिल्यापासून एकावर एक अशी दोन झाडं आहेत. दापोलीकडे मी हापूसची कलमं बांधत आलो : खाली रायवळचा खुंट, वर हापूसची काडी. खुंटाला फुटला तो रायवळच. तिथल्या थंड भागातल्या रोपवाटिका खुंटासाठी पुष्कळदा जंगली प्लम, प्रुनस अमेरिकाना, वापरतात. त्याला मुळांतून फुटायची भारी खोड. मोकळ्यावर त्याची जाळीच माजते.

खरी गंमत वरच्या झाडात आहे. सुपीरियर ही मिनेसोटा विद्यापीठाची 1933 सालची जात. तिचा एक पालक ‘बरबँक’ हा जपानी प्लम, दुसरा ‘कागा’. आणि कागाच्या आईबापांत हाच अमेरिकाना. फळाचा आकार जपानी बाजूचा, तिथला हिवाळा सोसायची ताकद जंगली बाजूची. म्हणजे नातवंड आजोबांच्या खांद्यावर बसलंय म्हणा ना!

आता फळं का घटली? सुपीरियरला स्वतःचा पराग चालत नाही, आणि तुमचा पुरवठा शेजारच्या झाडाबरोबर गेला. जंगली प्लमचा पराग तिला उत्तम लागतो. दोघांचीही गुणसूत्रं 16. नर्सरीवाल्याने निळा युरोपीय प्लम गळ्यात मारला तर घेऊ नका, त्याची 48 असतात, इथे उपयोग शून्य.

तेव्हा सगळे फुटवे काढू नका. एक जोमदार बघून, कळ्या फुटायच्या आधी, मुळासकट उचला आणि दहा-बारा मीटरवर लावा. फुलायला काही वर्षं जातील, तोवर बहराच्या वेळी जंगली प्लमच्या फुलांच्या फांद्या पाण्याच्या बादलीत घालून झाडाखाली ठेवा. मधमाश्या बाकीचं बघतात. उरलेले फुटवे माती उकरून मुळाशी ओरबाडून काढा. जमिनीलगत कापलेत तर एकाचे चार होतील.

फांद्यांवर काळ्या, खडबडीत गाठी दिसल्या तर मात्र हिवाळ्यातच गाठीच्या वीतभर खालून कापा आणि ती लाकडं परसात ठेवू नका. जंगली प्लमवर तो रोग फार.