इंटरव्ह्यूनंतर थँक्यू मेल पाठवायचा का?

प्रश्न: ताई, मागच्या महिन्यात इंटरव्ह्यू दिला, समोर तिघं होते, तासभर चालला, बरा झाला असं वाटलं, फक्त टीममध्ये दोघांचं पटत नसेल तर काय करशील या प्रश्नाला मी गडबडले आणि काहीतरीच बोलून गेले. सिलेक्शन नाही झालं. मैत्रीण म्हणते थँक्यू मेल टाकला नाहीस म्हणून गेलं. मला तो प्रकार लोचटपणाचा वाटतो, शिवाय आयडी फक्त एचआरचा होता. आता परत इंटरव्ह्यू द्यायचेत, काय करू?

उत्तर: पहिलं म्हणजे मेल टाकला नाही म्हणून जॉब गेला हे डोक्यातून काढून टाक. मी बरीच वर्षं इंटरव्ह्यू घेतलेत, नुसत्या मेलवर कोणाला घेतलं नाही आणि मेल आला नाही म्हणून कोणाला नाकारलंही नाही. पण दोन उमेदवार सारखेच आवडलेत आणि ठरत नाहीये अशा वेळी ज्याचा मेल आलेला असतो त्याचं बोलणं जास्त आठवतं, हे मात्र खरं.

लोचटपणा कधी होतो सांगू? "मला या नोकरीची खूप गरज आहे, प्लीज विचार करा" असं लिहिलं की. आभार मानण्यात कसली लाचारी, समोरच्याने तुला तासभर दिलाय ना.

आणि तुझ्यासाठी तर हा मेल सोन्यासारखा होता गं, कारण जे उत्तर फसलं ते नीट सांगायची संधी तिथेच असते! असं काहीतरी लिहायचं: "आज वेळ दिल्याबद्दल आभार. नवीन माणसाला पहिले तीन महिने कोणतं काम देता हे तुम्ही सांगितलंत, ते ऐकून इथे काम करायची इच्छा अजून वाढली. मतभेदाच्या प्रश्नाला मी घाईत उत्तर दिलं. मी आधी दोघांशी वेगवेगळं बोलेन, मग कामाच्या मुद्द्यावर एकत्र बसवेन." बास. पाच-सहा ओळी, त्यात त्या दिवशीच्या बोलण्यातली एक तरी गोष्ट हवीच, नाहीतर तो मेल कोणालाही पाठवता येईल असा होतो आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. म्हणूनच नेटवरून उचललेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला मजकूर जसाच्या तसा तिघांना पाठवू नकोस, ते मेल एकमेकांना दाखवतात.

त्याच दिवशी संध्याकाळी नाहीतर दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ तासांच्या आत टाकायचा. एचआरचाच आयडी असेल तर इंटरव्ह्यूचं बोलावणं ज्या मेलवर आलं त्यालाच रिप्लाय कर आणि बाकीच्यांपर्यंत आभार पोचवा असं लिही. नावांची स्पेलिंग दोनदा बघ, चुकीच्या नावाने आलेल्या मेलपेक्षा न आलेला परवडतो. रिझल्ट कधी लागेल हे त्यात विचारू नकोस, त्यांनी दिलेली तारीख उलटून दोन-तीन दिवस झाले की वेगळा मेल करून विचार, तोही एकदाच. त्यांनी स्वतः व्हॉट्सॲपवर बोलणं केलं नसेल तर तिथे मेसेज नको, आणि भेटवस्तू तर अजिबातच नाही.

सरकारी भरतीच्या मुलाखतीला हे काही लागू नाही बरं का, तिथे मंडळातल्या लोकांशी परस्पर संपर्क करायचाच नसतो.

मागच्या महिन्यातल्या त्या एचआरला अजूनही दोन ओळी लिहू शकतेस, पुढे जागा निघाली तर कळवा म्हणून.