वाचकांचे प्रश्न : कार्डावरचे मोठे आकडे कुठून येतात?

प्रश्न : मी सहा वर्षांपासून गोल्फ खेळतो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, माझे फटके समाधानकारक बसतात आणि प्रशिक्षकांचीही फारशी तक्रार नाही. तरीही पार ७२ च्या (म्हणजे अठरा होलसाठी ७२ फटके अपेक्षित असलेल्या) कोर्सवर माझा स्कोअर गेली दोन वर्षे ९२ ते ९६ च्या आसपासच घोटाळतो आहे. ताज्या ९४ च्या फेरीत चार होलवर पार, नऊवर बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त), तीनवर डबल बोगी (दोन जास्त), एकावर ट्रिपल (तीन जास्त) आणि पार चारच्या एका होलवर आठ अशी नोंद आहे. त्या आठाचा हिशेब असा : ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबचा) फटका उजवीकडच्या झाडांत गेला, दोन खोडांमधून ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ) दिसत होते म्हणून तिकडेच मारला, तर चेंडू खोडावर आपटून आणखी आत गेला, तिसरा फटका ग्रीनपुढच्या बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) गेला, चौथा बंकरमध्येच राहिला, पाचवा ग्रीनवर पोहोचला आणि मग तीन पट (ग्रीनवरचे घरंगळते फटके) लागले. मी स्विंगमध्ये नेमके काय सुधारावे?

उत्तर : आपण होलवार आकडे दिले हे फार चांगले केले, कारण प्रश्नाचे उत्तर त्या आकड्यांतच आहे आणि ते स्विंगविषयी नाही. पारपेक्षा आपले २२ फटके जास्त झाले. त्यांपैकी तेरा होलांवर मिळून केवळ नऊ जास्त गेले आणि उरलेल्या पाच होलांनी एकट्यांनी तेरा खाल्ले. त्या पाचही ठिकाणी आपल्याला नुसती बोगी मिळाली असती, तर हाच स्विंग घेऊन आपण ८६ वर फेरी संपवली असती. म्हणजे आपल्याला जास्त बर्डी (पारपेक्षा एक फटका कमी) किंवा जास्त पार नकोत. डबल बोगी आणि त्यावरचे आकडे तेवढे कार्डावरून घालवायचे आहेत.

आता तो आठचा होल जवळून पाहू. ड्रायव्हर झाडांत गेला याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. तो प्रत्येकाचा जातो. होल बिघडला तो दुसऱ्या फटक्याआधी, जेव्हा आपण फटीतून मारायचे ठरवले तेव्हा. समजा, ती फट आपल्यापासून २० यार्डांवर होती आणि दोन यार्ड रुंद होती. म्हणजे मधल्या रेषेपासून चेंडूला दोन्ही बाजूंना एकेक यार्डाची मोकळीक होती. हेच प्रमाण १५० यार्डांपर्यंत ताणले, तर ती मोकळीक दोन्ही बाजूंना साडेसात यार्डांची होते. आता प्रामाणिकपणे सांगा : उघड्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मधल्या पट्ट्यावर), सपाट जागेवरून आपण १५० यार्डांचे दहा फटके मारले, तर त्यांतले किती पिनच्या (होलमधल्या झेंड्याच्या) डाव्या-उजव्या साडेसात यार्डांच्या आत राहतील? नव्वदीत खेळणारा मनुष्य चारांचा आकडा सांगेल आणि तोही बहुधा उदार असेल. इथे तर पायाखाली मुळे आणि पाचोळा होता, शिवाय चेंडू फांद्यांच्या खालून काढायचा होता. जवळून पाहिलेली फट डोळ्याला नेहमी मोठी वाटते, आणि पलीकडे झेंडा दिसत असला की ती आणखीच मोठी वाटू लागते.

तिथून चेंडू आडवा, सर्वांत मोठ्या मोकळ्या जागेतून फेअरवेवर काढला असता, तर तिसरा फटका ग्रीनच्या आसपास पोहोचला असता आणि होल पाचात किंवा फार तर सहात संपला असता. ग्रीनपुढचा बंकर आणि त्यातून आलेले तीन पट हे दोन्ही त्या एका निर्णयाच्या पोटातून निघाले. म्हणून मी आपल्याला एकच कसोटी सुचवतो. संकटातल्या चेंडूजवळ पोहोचल्यावर, क्लब हातात घेण्याआधी, स्वतःला विचारा : हा फटका मी दहापैकी आठ वेळा साधेन का? उत्तर ‘नाही’ असेल, तर ज्याला ‘हो’ म्हणता येईल असा फटका शोधा, मग तो कितीही मिळमिळीत दिसो.

हा मोह केवळ हौशी खेळाडूंना होतो असे समजू नका. १९९९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत स्कॉटलंडमधील कार्नूस्टीच्या शेवटच्या होलवर फ्रेंच खेळाडू जाँ व्हॅन द वेल्ड तीन फटक्यांच्या आघाडीने उभा होता. पार चारच्या त्या होलवर त्याला सहा फटके घेऊनही विजेतेपद मिळणार होते. त्याने टीवरून, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवरून, ड्रायव्हर मारला, चेंडू खूप उजवीकडे गेला तरी सुदैवाने बचावला. खरा घात पुढच्या निर्णयाने केला. वेज हा आखूड अंतराचा क्लब घेऊन बॅरी बर्न या ओढ्याच्या अलीकडे थांबण्याऐवजी त्याने दोन नंबरच्या आयर्नने (लांब पल्ल्याच्या क्लबने) थेट ग्रीनकडे फटका मारला. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळून दाट गवतात परतला, तिसरा फटका ओढ्यात पडला, आणि सात घेऊन तो प्लेऑफमध्ये (बरोबरी सोडवणाऱ्या जादा होलांत) गेला, जिथे पॉल लॉरी जिंकला. व्हॅन द वेल्डने शेवटचा पट ज्या धीराने होल केला त्याचे मला आजही कौतुक वाटते. पण त्या दिवशी त्याच्या हातांना कुणी हरवले नव्हते.

पुढच्या पाच फेऱ्यांत कार्डावर एक जादा रकाना आखा आणि डबल बोगी किंवा त्याहून वाईट प्रत्येक होलपुढे लिहा की घात चुकलेल्या फटक्याने झाला की चुकलेल्या निवडीने. आपल्या कार्डावरून मला वाटते की दुसऱ्या कारणाची संख्या आपल्यालाच चकित करील.

प्रश्न : सोबत खेळणारे म्हणतात की स्कोअर कमी करायचा असेल तर ड्रायव्हर बॅगेतच ठेव आणि प्रत्येक टीवरून आयर्न मार. हे बरोबर आहे का?

उत्तर : सरसकट नाही. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंच्या फटक्यांच्या नोंदींचा अभ्यास करून ‘स्ट्रोक्स गेन्ड’ ही (प्रत्येक फटक्याने सरासरीपेक्षा किती मिळवले याची) मोजणी मांडली, जिचा पटिंगसाठीचा भाग अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धांच्या पीजीए टूरने २०११ पासून स्वीकारला. त्यांच्या विश्लेषणानुसार चांगल्या आणि सामान्य खेळाडूंच्या स्कोअरमधील फरकाचा सुमारे दोन तृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडच्या फटक्यांतून येतो. अंतराला मोल आहे. सावधपणाच्या नावाखाली प्रत्येक होलवर ४० यार्ड सोडून दिले, तर पुढचा फटका लांब क्लबने मारावा लागतो आणि तिथे जास्त चुका होतात.

मात्र ड्रायव्हर कुठे रोखायचा हे आधी ठरवता आले पाहिजे. रेंजवर वीस ड्राइव्ह मारा, एकही न वगळता, आणि सर्वांत डावीकडे व सर्वांत उजवीकडे गेलेल्या चेंडूंमधले अंतर नोंदवा. समजा ते ६० यार्ड निघाले, तर आपला ड्रायव्हर म्हणजे ६० यार्ड रुंदीचा पट्टा आहे, रेषा नव्हे. टीवर उभे राहिल्यावर हा सगळा पट्टा कुठे ठेवता येतो ते पाहायचे असते. उजवीकडे पांढरे खुंट (कोर्सची हद्द) असतील, तर पट्ट्याचा मध्य त्यांच्यापासून किमान ३० यार्ड आत हवा, मग तो डाव्या रफच्या (वाढलेल्या गवताच्या) कडेवर पडला तरी चालेल. डावीकडे पाणी आणि उजवीकडे पांढरे खुंट असून मधली जागा ४५ यार्डांचीच असेल, तर मात्र ज्या क्लबचा पट्टा तिथे मावतो तो घ्या.

इथे खुंटांचा रंग ध्यानात ठेवावा. लाल खुंटांच्या पेनल्टी एरियात (पाण्यासारख्या धोक्याच्या जागेत) चेंडू गेला, तर एका दंडाने बाजूलाच ड्रॉप घेऊन (चेंडू हाताने टाकून) पुढे जाता येते. पांढऱ्या खुंटांबाहेर गेला, तर दंडही लागतो आणि अंतरही जाते, म्हणजे टीवरून तिसरा फटका मारावा लागतो. म्हणून पांढऱ्या खुंटांपासून लाल खुंटांपेक्षा जास्त दूर राहावे. टीच्या चौकटीत धोका असलेल्या बाजूला उभे राहून त्याच्यापासून दूर नेम धरणे, ही जुनी आणि फुकट मिळणारी मदत बहुतेक जण घेतच नाहीत.

प्रश्न : पार तीनच्या होलवर माझा चेंडू नेहमी ग्रीनच्या अलीकडे पडतो. क्लबची निवड चुकते की फटका?

उत्तर : बहुधा निवड. आपण सात नंबरच्या आयर्नचे अंतर कोणते धरता? कधीतरी वाऱ्याच्या साथीने तो १५० यार्ड गेला असेल आणि तोच आकडा मनात बसला असेल. दहा चेंडू मारून त्यांपैकी मधल्या चेंडूने हवेत कापलेले अंतर मोजा. तो आपला खरा आकडा, आणि जमिनीवर घरंगळलेले यार्ड त्यात धरू नका. नंतर पिनचे अंतर नव्हे, तर ग्रीनच्या पुढच्या कडेचे, मध्याचे आणि मागच्या कडेचे अंतर विचारा आणि मध्यासाठीचा क्लब घ्या.

पिन पाण्याजवळ असेल, तेव्हा तर हा नियम मोडूच नये. २०१९ च्या मास्टर्स स्पर्धेत शेवटच्या दिवशी ऑगस्टा कोर्सच्या बाराव्या होलवर पिन उजवीकडे होती. १५५ यार्डांच्या त्या होलवर आघाडीवरचा फ्रान्चेस्को मोलिनारी, टोनी फिनाऊ, ब्रूक्स केपका आणि इयन पोल्टर या चौघांचे चेंडू रेज क्रीक या ओढ्यात गेले. टायगर वुड्सने पिनकडे न पाहता डावीकडे, पुढच्या बंकरवरून ग्रीनच्या मध्याकडे मारला, पार घेतला आणि पुढे एका फटक्याने स्पर्धा जिंकली. लांबचा पट राहिला याचे त्याला दुःख नव्हते.

प्रश्न : आठ फुटांवरचे पट हुकतात आणि त्याच रागात पुढचा होल बिघडतो. काय करावे?

उत्तर : जगातले उत्तम व्यावसायिकही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट होल करतात. तेव्हा तो हुकणे ही चूक मानू नका आणि पुढच्या टीवर त्याची भरपाई करायला जाऊ नका. चिंता करायची असेल तर ३० फुटांवरच्या पहिल्या पटाच्या वेगाची करा, कारण तीन पट तिथेच ठरतात.

प्रश्न : बंकरच्या कडेखाली चेंडू रुतला असेल, तर फटका मारण्याशिवाय मार्ग नसतो ना?

उत्तर : असतो. चेंडू ‘अनप्लेएबल’ (खेळता न येण्याजोगा) घोषित करून एका दंडात बंकरमध्येच दोन क्लब-लांबीच्या आत, होलच्या अधिक जवळ न जाता ड्रॉप घेता येतो, किंवा आधीचा फटका जिथून मारला तिथे परत जाता येते. २०१९ च्या नियमांपासून आणखी एक वाट मिळाली आहे : एकूण दोन दंड घेऊन चेंडू आणि होल यांच्या सरळ रेषेत मागे जाऊन बंकरच्या बाहेर ड्रॉप घेणे. कडा उंच असेल आणि वाळूतून एका फटक्यात बाहेर पडण्याची आपली खात्री नसेल, तर हे दोन फटके महाग नाहीत.