मोरबेचं पाणी आणि एम.ए.चा फॉर्म

सर, मी कळव्याची, राज्यशास्त्र घेऊन टी.वाय.ला आहे. पुढे लोकप्रशासन करू की सार्वजनिक धोरण? दोन्ही एकच ना?

सख्ख्या बहिणी आहेत, पण स्वभाव वेगळे. तुझ्या घरच्या नळापासून सुरुवात करू. नवी मुंबई महापालिकेकडे खालापूरजवळचं मोरबे धरण स्वतःच्या मालकीचं आहे. तुझं कळवा ज्या ठाणे महापालिकेत येतं, तिच्याकडे धरण नाही. तिची स्वतःची योजना, स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, एमआयडीसी आणि मुंबई महापालिका अशा चार ठिकाणांहून पाणी येतं. हे पाणी कळवा, मुंब्रा, दिव्यात कोणत्या वेळी सोडायचं, फुटलेली लाइन कोण दुरुस्त करणार, टँकरची बिलं कोण तपासणार, तुझी तक्रार कोणाच्या टेबलावर जाणार, हे लोकप्रशासन. ठाण्यानं धरण बांधावं की पाणी विकतच घेत राहावं, शाई आणि काळू धरणं इतकी वर्षं का रखडली, त्यात ज्यांच्या जमिनी जाणार त्यांचं काय, घोडबंदरला नव्या टॉवरला परवानगी देताना पाण्याचा हिशेब मागावा का, हे धोरण.

म्हणून पहिल्यात संघटना, कायदे, कर्मचारी आणि अंदाजपत्रक जास्त. दुसऱ्यात अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र टळत नाही. बी.ए.ची मुलं इथेच अडखळतात. ‘आकडेमोड नको म्हणून आर्ट्स घेतलं’ असं तुझं असेल तर प्रवेशाआधीच्या उन्हाळ्यात पायाभूत संख्याशास्त्र करून घे.

कळव्याहून रोज ये-जा करता येईल अशा जागा: मुंबई विद्यापीठाचा कलिन्यातला नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभाग, तिथलंच मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी (नावात पॉलिसी असली तरी पाया अर्थशास्त्राचा आहे, विसरू नकोस), पवईच्या आयआयटीतला मास्टर ऑफ पब्लिक पॉलिसी, आणि देवनारचं टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. शहरांचा कारभार आवडत असेल तर टिसमधला शहरी धोरणाचा अभ्यासक्रम आधी बघ. त्यासाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते, तेव्हा तिच्या तारखांवर आत्तापासून लक्ष ठेव.

ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये सात वर्षं नोकरी झाली, वय ३१. कोडिंगचा कंटाळा आलाय, सार्वजनिक धोरणात जायचंय. राजीनामा देऊ का?

थांबा. कंटाळा आला म्हणून आलेले लोक वर्षभरात इथेही कंटाळतात, हे मी वर्गात पाहिलंय.

आधी एक काम करा, त्याला फी नाही. तुमच्या महापालिकेचं गेल्या पाच वर्षांचं अंदाजपत्रक घ्या. एखादंच खातं निवडा, शिक्षण किंवा घनकचरा. मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन रकाने एक्सेलमध्ये मांडा. पीडीएफमधून आकडे काढताना वैताग येईल, तो या धंद्याचा भागच आहे. मांडून झाल्यावर ‘तरतूद होती, मग पैसे खर्च का झाले नाहीत?’ असा प्रश्न रात्री झोपू देईना, तर तुमची जागा इकडे आहे. नुसते आकडे दिसले, तर कंपनी बदला, क्षेत्र नको.

त्यानंतर नोकरी सांभाळून एखादा ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स. बंगळुरूच्या तक्षशिला संस्थेचा आहे, तो काही आठवड्यांचा. मग पूर्णवेळ पदवी. राज्य सरकारच्या मुख्यमंत्री फेलोशिपला वयाची अट २१ ते २६ आहे आणि खासदारांसोबत काम करण्याची लॅम्प फेलोशिप २५ पर्यंतच मिळते, म्हणजे या दोन लोकल तुमच्या सुटल्या. राहतात संशोधन संस्था, कंपन्यांचे सीएसआर म्हणजे सामाजिक कामांचे विभाग आणि सरकारी खात्यांत बसून काम करणारी सल्लागार कंपन्यांची पथकं. तिथे तुमचं डेटाचं कसब लगेच विकलं जाईल, पण पहिला पगार बहुधा आजच्या इतका नसेल. घराचा हप्ता चालू असेल तर हे घरी आधी बोला.

नेरूळ. मुलगा यूपीएससी करतोय, दोन प्रयत्न झाले. लोकप्रशासनात एम.ए. केलं तर परीक्षेला फायदा होईल?

थेट फायदा थोडाच. लोकप्रशासन वैकल्पिक घेतलं तर त्याचे २५०-२५० गुणांचे दोन पेपर, पण त्यासाठी एम.ए. लागत नाही, आणि वर्गातल्या हजेरीत सकाळचे अभ्यासाचे तास जातात. एमपीएससीची राज्यसेवा मुख्यही आता वर्णनात्मक झालीय, तीही तयारी त्याच मुशीतली. तरी मी करू द्या म्हणतो. खुल्या गटात सहा प्रयत्न आणि ३२ वर्षं संपल्यावर हातात नुसती बी.कॉम. राहिली तर त्याला फार जड जातं. इग्नूचं दूरस्थ एम.ए. त्याला पेलवेल. आणि काका, शेजाऱ्यांसमोर ‘गॅप’ हा शब्द जरा कमी वापरा.

वाशी. परदेशी प्रवेशासाठी एसओपी, म्हणजे ‘मला हे का शिकायचंय’ सांगणारा निबंध लिहितेय. ‘लहानपणापासून देशसेवेची ओढ’ अशी सुरुवात केलीय. चालेल?

नाही. तपासणाऱ्यापुढे अशा ओढीचे ढीग असतात. तुझ्या शहरातलाच प्रश्न घे. नवी मुंबईत मे २०२० मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं प्रशासकांनी कारभार पाहिला. त्या काळात तुमच्या सेक्टरमधलं गटार तुंबलं तर लोक कोणाकडे गेले? माजी नगरसेवकाकडेच? की ॲपवर तक्रार करून गप्प बसले? आईला विचार, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचार. तो पहिला परिच्छेद, आणि तो फक्त तुझ्याकडेच असेल. चेव्हनिंग या ब्रिटिश सरकारच्या शिष्यवृत्तीचा विचार असेल तर दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तेव्हा पदवीनंतर लगेच अर्ज नको.

ठाण्यात महापालिकेत लिपिक आहे. बढतीसाठी एम.ए. करू का?

तुमच्या कामाला एम.ए.पेक्षा अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचे एलजीएस किंवा एलएसजीडी हे पदविका अभ्यासक्रम जवळचे. पण बढतीला नेमकं काय ग्राह्य धरतात ते सेवा प्रवेश नियमांत लिहिलेलं असतं. आस्थापना विभागात जाऊन ते स्वतः वाचा, सहकाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, आणि मगच फी भरा.