निधी आणि बंदोबस्त

प्रिय,

तुझा आराखडा वाचला. बंडखोरीच्या भागात रस्ते आणि रोजगार आले की हिंसा आपोआप ओसरते, हे तू धरूनच चालतेस असं दिसतं. मला ते पटत नाही.

फिलिपाइन्समध्ये 2003 साली ‘कलाही-सिड्स’ हा गावविकासाचा कार्यक्रम सुरू झाला. गरिबीच्या क्रमवारीत जेमतेम पात्र ठरलेले आणि थोडक्यात हुकलेले भाग पुढे ताडून पाहिले, तर पात्र भागांत संघर्षातले बळी वाढलेले निघाले. तेही मुख्यतः सुरुवातीला, गावोगावी सभा भरून कोणतं काम घ्यायचं ते ठरत होतं तेव्हा. बंडखोरांचा हिशेब सरळ आहे. काम पूर्ण झालं की लोक सरकारकडे झुकतील, म्हणून ते आधीच उधळायचं. मग सभेत हात वर करणाऱ्या माणसाच्या जिवाची जबाबदारी कुणाची? बहुतेक अहवालांत हा प्रश्नच नसतो, याची मला चीड येते.

इराकमध्ये अमेरिकी लष्करी अधिकाऱ्यांच्या हाती असलेल्या निधीतून कामं झाली. हिंसा घटली ती प्रामुख्याने 50 हजार डॉलरच्या आतल्या छोट्या कामांनी, आणि ठळकपणे 2007 नंतर, सैनिक वस्त्यांत मुक्कामाला राहू लागल्यावर. रस्त्याकडेला बॉम्ब कुणी पुरला हे शेजाऱ्याला बरेचदा ठाऊक असतं. पण सांगितलं तर रात्री आपलं दार कोण ठोठावेल, या धास्तीने तो गप्प राहतो. रोज दिसणारी गस्त असेल तरच तो तोंड उघडतो. तीच गस्त सरसकट धरपकड करू लागली, तर मात्र अख्खी वस्ती अबोला धरते.

पैसा कुठून येतो तेही बघ. कोलंबियात कॉफीचे भाव कोसळले तेव्हा कॉफीच्या भागात हिंसा वाढली. तेलाचे भाव चढले तेव्हा मात्र तेलाच्या भागात. मजुरी बुडाली की बंदूक हाती घेणं सोपं होतं, आणि लुटण्याजोगी संपत्ती वाढली की तिच्यासाठी झुंज लागते.

आणखी एक. तुझ्या नकाशात शून्य घटनांचे तालुके हिरवे रंगवलेले आहेत. जिथे बंडखोरांचा पूर्ण ताबा असतो तिथेही घटना कमीच नोंदल्या जातात, कारण विरोध करायला कुणी उरलेलं नसतं. त्या प्रत्येक तालुक्यात चौकी कधी उघडली, गावसभा कधी झाली, निधीचा पहिला हप्ता कधी पोचला, या तारखा शेजारी-शेजारी मांड आणि मला पाठव. मग रंगांचं ठरवू.