ओठात एक, पोटात एक

"ताई, मी ढोंगी आहे का हो?" खुर्चीत नीट टेकायच्या आतच तिने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. प्रश्न मात्र तोच. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कितीतरी जणी तो घेऊन येतात.)

राहायला भांडुप, नोकरी फोर्टात. सीएसएमटीहून स्लो लोकल, पुढे शेअर रिक्षा. दार उघडताच सासूबाई घड्याळाकडे बघून म्हणतात, "आज लवकर आलीस गं!" साडेआठ वाजलेले असतात. ही हसून म्हणते, "हो ना आई, गाडी लेट होती." मग कणीक मळताना मनातल्या मनात सासूबाईंना जे ऐकवते, ते मला सांगेना. शेवटी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत पुटपुटली, "कधीकधी वाटतं, सुटेल एकदाची म्हातारी."

गेल्या रविवारी उपासनेत शास्त्रपाठ तिच्याकडे होता. बायबलमधलं पौलाचं कलस्सैकरांस पत्र, चौथा अध्याय. बोलणं कृपायुक्त, मिठाने रुचकर असावं, तिथे आवाज अडकला.

माझी पहिली सूचना फसलीच. म्हटलं, मनातलं वहीत लिही. "वन रूम किचन आहे ताई. वही ठेवू कुठे?"

"बरं, प्रार्थनेत काय म्हणतेस?"

"प्रभू, आईंना चांगलं आरोग्य दे."

म्हणजे सासूबाईंशी बोलते तसंच ती देवाशीही बोलत होती! शब्द जिभेवर यायच्या आत परमेश्वराला तो ठाऊक असतो, असं 139वं स्तोत्र सांगतं. मग लपवायचं कोणापासून?

तिला हन्नाची आठवण दिली. बायबलमधलं 1 शमुवेल हे पुस्तक, पहिलाच अध्याय. सवत पनिन्ना वर्षानुवर्षं डिवचायची. हन्नाने सगळं देवापुढे ओतलं. नुसते ओठ हलत होते, आवाज नाही. एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय, आणि तो तसं बोललाही. तिने अदबीने उत्तर दिलं, पण आरोप गिळला नाही. मला ती बाई फार आवडते.

"पण येशूने रागाला खुनाच्याच रांगेत बसवलंय ना?" शंका रास्त होती, मत्तयाचा पाचवा अध्याय टाळून चालत नाही. म्हटलं, राग दारात येणं वेगळं, त्याला रोज पाट मांडून जेवू घालणं वेगळं. कणीक मळताना तू तेच करतेस. आणि पौल मीठ म्हणतो, साखर नाही. तुझं "हो ना आई" ही निव्वळ साखर.

ठरलं ते असं. घाटकोपरला गर्दी जरा उतरते. तिथून भांडुपपर्यंत देवाला सगळं सांगायचं, 'म्हातारी'सकट. ओठ हलले तरी लोकांना वाटेल, इयरफोनवर बोलतेय. आणि घरी एकच वाक्य: "आई, 'लवकर आलीस' म्हणता ते मला लागतं. आल्यावर दहा मिनिटं बसू द्या, मग बोलू." माझ्यासमोर ते चारदा म्हणून पाहिलं. दोनदा साखर झाली, एकदा खारट. (घरात मारहाण, शिवीगाळ असती तर मी हा सल्ला दिलाच नसता.)

सासूबाई दोन दिवस फुगून होत्या. पुढच्या भेटीला ही म्हणाली, "आता घड्याळ लावूनच बसतात. आतून हाक येते, झाली गं दहा!"

"मग?"

"परवा म्हटलं, आई, अजून दोन."