औषध कधी दिलं ते आधी लिही

तुझा ग्राफ पाहिला, मेहनत दिसतेय, पण खाली ‘अँटीहिस्टामिनमुळे उंदरांची स्मरणशक्ती कमी झाली’ असं जे लिहिलंयस ना, ते सध्या काढून टाक. आकडे चुकीचे आहेत असं नाही म्हणत मी. पण इंजेक्शन ट्रेनिंगच्या आधी दिलं, लगेच नंतर दिलं की टेस्टच्या आधी, हे त्या वाक्यात कुठेच नाही, आणि या विषयात सगळा खेळ त्याचाच आहे.

कारण बघ, मेंदूतलं हिस्टामिन, म्हणजे पेशींमध्ये निरोप नेणारं एक रसायन, आधी जागं ठेवायचं काम करतं. ते बनवणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या मागच्या भागात एका छोट्याशा ठिकाणी असतात पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर जातात. त्यामुळे एच१ (हिस्टामिनचा निरोप घेणारा पेशीवरचा एक रिसेप्टर; एच३, एच४ हे त्याचेच भाऊ) बंद करणारं जुन्या पिढीतलं अँटीहिस्टामिन दिलं की प्राणी पेंगतो, आणि पेंगलेला प्राणी विसरल्यासारखाच दिसतो. डायफेनहायड्रामिनसारखं औषध तर अॅसिटिलकोलीन या स्मरणाशी संबंधित दुसऱ्या रसायनाचे रिसेप्टरही अडवतं, म्हणजे दोष हिस्टामिनचा की त्याचा हेही कळत नाही.

मी सुरुवातीला हीच चूक केली होती. पाण्याच्या टाकीत उंदीर लपलेला प्लॅटफॉर्म शोधायला दुप्पट वेळ लावत होते, मी खुशीत ‘विसरले’ असं लिहून मोकळं, आणि मग गाईडनी शांतपणे विचारलं की पोहण्याचा वेग मोजलास का? मोजला नव्हता. व्हिडिओ परत पाहिले तर ते बरोबर त्याच कोपऱ्याकडे जात होते, फक्त हळू. तेव्हापासून वेग, पार केलेलं अंतर आणि डोळ्यांना दिसणारा प्लॅटफॉर्म ठेवून घेतलेली टेस्ट, हे तिन्ही असल्याशिवाय मी टाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही.

आणि शॉकवाल्या टेस्टमध्ये याच्या अगदी उलट होतं बरं का. तिथे अंधाऱ्या कप्प्यात शॉक बसलेला असतो, म्हणून उजेडाच्या कप्प्यातून तिकडे जायला उंदीर जितका वेळ लावेल तितकी आठवण पक्की असं आपण धरतो, मग गुंगीत असलेला उंदीर उजेडातच बसून राहिला तर तो हुशार ठरतो! एकच गुंगी, एका टेस्टमध्ये विसराळूपणा आणि दुसरीत तल्लख स्मरण. म्हणून ट्रेनिंग संपल्यावर लगेच डोस दे आणि औषध उतरल्यावर, दुसऱ्या दिवशी टेस्ट घे, मग आठवण पक्की होण्यावर काय परिणाम झाला ते जास्त स्वच्छ दिसतं.

एच३ची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९८३ मध्ये सापडलेला हा रिसेप्टर हिस्टामिन सोडणाऱ्या पेशीवरच बसून तिला ब्रेक लावतो, थायोपेरामाइड हे औषध तो ब्रेक काढतं. स्कोपोलामिनने (अॅसिटिलकोलीन अडवणारं औषध) विसरायला लावलेल्या प्राण्यांत त्याने आठवण सुधारल्याचे बरेच प्रयोग आहेत. २०१९ मध्ये जपानी संशोधकांनी तर उंदरांना आधी पाहिलेली वस्तू विसरू दिली आणि मग टेस्टच्या आधी असं ब्रेक काढणारं औषध दिलं, तेव्हा ओळख परत आली. म्हणजे आठवण पुसली गेली नव्हती, बाहेर येत नव्हती. टेस्टआधी डोस दिल्याशिवाय हे कळलंच नसतं.

पण थायोपेरामाइड एच४लाही अडवतं, त्यामुळे दुसरं एखादं एच३ औषध सोबत लाव. आणि ‘हिस्टामिन जास्त तर स्मरण चांगलं’ असं सरळ गणित मांडू नकोस. हिस्टामिन बनवणारं एन्झाइमच नसलेले उंदीर वस्तू ओळखण्यात मागे पडले पण पाण्याच्या टाकीत उलट सरस ठरले, आता बोल.

औषधाऐवजी नुसतं सलाईन दिलेल्या ग्रुपचे व्हिडिओ आहेत ना तुझ्याकडे? ते आणि औषधवाले, कोणता कुठला हे न सांगता मला पाठव. आपण दोघं वेगवेगळे बसून वेग मोजू, मग त्या वाक्याचं ठरवू.